चुन्याच्या भट्टीचें गणित

विड्याच्या पानावर बोटानें चुना लावणाऱ्या मनुष्यास त्या पांढऱ्या, लोण्यासारख्या पदार्थाची पूर्वकथा सहसा आठवत नाहीं. तो चुना कांहीं काळापूर्वीं दगड होता. तो दगड भट्टींत पडला, तापून लालभडक झाला, त्याचें वजन घटून जवळजवळ निम्म्यावर आलें. पुढें पाण्यांत पडून तो सळसळला, फुलला, आणि मग कोठें पानाच्या डब्यांत येऊन बसला. या कथेंतील पहिला टप्पा, म्हणजे दगडाचा चुना होणें, दिसावयास साधा आहे. परंतु त्यांत एक प्रश्न दडलेला आहे. चुनखडीचा चुना नेमक्या किती उष्णतामानावर होतो, आणि त्याच उष्णतामानावर कां ?

वैशाखांतील ऊन कितीहि कडक असलें तरी चुनखडीचा डोंगर त्यानें चुन्याचा होत नाहीं. उकळत्या पाण्यांत चुनखडी घातली तरी ती जशीच्या तशी राहते. भट्टींत मात्र तिचें स्वरूप पालटतें. ही गोष्ट भट्टीवाल्यांस फार प्राचीन काळापासून माहीत होती. दख्खनच्या पठारावरील काळा पाषाण चुना देत नाहीं. म्हणून तेथें ओढ्यांच्या कांठीं आणि शेतांतून सांपडणारे चुनखडीचे खडे वेंचून भाजीत. कोंकणांत व गोमंतकांत समुद्रकांठचे शिंपले भाजून चुना करीत. यवतमाळ आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत तर चुनखडीच्या खाणीच आहेत. मुंबईंतील चुनाभट्टी हें नांव या धंद्याचीच खूण होय. महाराष्ट्रांतील अनेक किल्ल्यांवर चुना मळण्याचे दगडी घाणे अद्यापि पाहावयास मिळतात. बैलांच्या जोडीनें मोठें दगडी चाक वर्तुळाकार चरांत फिरवून तेथें चुना मळला जाई, आणि त्याच चुन्यानें तट व बुरूज बांधले जात. या सर्व कारागिरांपाशीं उष्णतामापक यंत्र नव्हतें. आगीचा रंग पाहून ते भट्टीची पारख करीत. डोळा हेंच त्यांचें यंत्र.

रसायनशास्त्रानें या कामांत एक नवी गोष्ट केली. भट्टी न पेटवतां, केवळ दोन आंकड्यांच्या भागाकारानें, भट्टीचें उष्णतामान सांगतां येतें असें त्यानें दाखवून दिलें. हे दोन आंकडे कोणते, ते कोठून येतात, आणि त्यांच्या भागाकारास उष्णतामानाचा अर्थ कां प्राप्त होतो, हें समजून घेण्यासारखें आहे.

प्रथम दगडांत काय घडतें तें पाहावें. शुद्ध चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तिचे १०० ग्रॅम पूर्णपणें भाजले तर ५६ ग्रॅम कळीचा चुना उरतो. बाकीचे ४४ ग्रॅम कोठें जातात ? स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक यानें १७५६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रयोगांत या प्रश्नाचें उत्तर दिलें. हरवलेलें वजन म्हणजे दगडांत बांधला गेलेला एक वायु होय, असें त्यानें दाखविलें. तोच आज कार्बन डायऑक्साइड या नांवानें ओळखला जातो. मनुष्य श्वास सोडतो त्यांत तो असतो, आणि चुन्याच्या निवळींत फुंकर घातली असतां निवळी दुधाळ होते ती त्याच्याचमुळें. चुनखडी भाजणें म्हणजे हा बांधलेला वायु मोकळा करणें.

आतां पहिला आंकडा. बांधलेला वायु सुटावा म्हणून दगडास उष्णता द्यावी लागते. १०० ग्रॅम चुनखडीसाठीं ही उष्णता १७८.३ किलोज्यूल इतकी आहे. नेहमींच्या गरमीचें अर्धा लिटरहून थोडें अधिक पाणी उकळीस आणण्यास जितकी उष्णता लागते, तितकीच ही झाली. हिलाच क्रियेच्या एन्थॅल्पींतील फरक असें म्हणतात. ती मोजण्यासाठीं भट्टीची गरज नाहीं. १८४० सालीं हेस या शास्त्रज्ञानें असें दाखविलें कीं, एका स्थितींतून दुसऱ्या स्थितीस कोणत्याहि वाटेनें गेलें तरी उष्णतेचा एकूण हिशेब तोच राहतो. म्हणून प्रयोगशाळेंत चुनखडी आम्लांत विरघळवावी आणि किती उष्णता निघते तें मोजावें. मग कळीचा चुना त्याच आम्लांत विरघळवावा आणि पुन्हां मोजावें. दोन्ही वेळां शेवटीं एकच द्रव मिळतो. पहिल्या वेळीं वायु मात्र अधिक निघतो. या दोन उष्णतांची वजाबाकी केली कीं चुनखडी फोडण्याची उष्णता हातीं येते.

केवळ या आंकड्यावरून प्रश्न सुटेल असें एके काळीं मोठमोठ्या शास्त्रज्ञांस वाटलें होतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत डेन्मार्कमधील थॉमसन आणि फ्रान्समधील बर्थेलो यांचें मत असें होतें कीं, जी क्रिया उष्णता बाहेर टाकते तीच आपण होऊन घडते. पुष्कळ क्रियांना हें मत लागू पडतें. लांकूड जळतें, कळीचा चुना पाण्यांत सळसळतो, तेव्हां उष्णता बाहेर पडते. परंतु अपवाद दूर शोधावे लागत नाहींत. कल्हईवाला वापरतो तो नवसागर पाण्यांत टाकला तर तो आपण होऊन विरघळतो आणि पाणी गार होतें. म्हणजे ही क्रिया उष्णता शोषून घेत असूनहि बिनदिक्कत चालते. बर्फ वितळतांना उष्णता शोषतो, तरीहि वितळतोच. तेव्हां उष्णतेच्या जमाखर्चापलीकडे आणखी एक खातें असलें पाहिजे, हें उघड झालें.

तें दुसरें खातें एंट्रॉपीचें. हें नांव जर्मन शास्त्रज्ञ क्लॉझियस यानें १८६५ सालीं योजलें. एंट्रॉपी हा शब्द अवघड वाटला तरी त्यामागील कल्पना घरगुती आहे. तिला पसारा म्हणावें. शाळेंत घंटा होऊन वर्ग भरला कीं प्रत्येक मुलाची जागा ठरलेली असते. मुलें बसण्याची एकच रीत. मधल्या सुटींत तींच मुलें मैदानावर गेलीं म्हणजे कोण कोठें असेल त्याच्या रीती मोजतां येणार नाहींत इतक्या होतात. मुलें तितकींच, पण पसारा वाढला. पदार्थाच्या कणांचेंहि असेंच आहे. घन पदार्थांत ते रांगेनें बसलेले असतात, वायूंत ते मोकाट धांवतात. कण ज्या जितक्या रीतींनीं असूं शकतात, त्या रीतींच्या संख्येशीं एंट्रॉपीचें नातें आहे, हें ऑस्ट्रियांतील बोल्ट्झमन यानें १८७७ सालीं गणितानें दाखविलें.

चुनखडीच्या बाबतींत हा पसारा किती वाढतो तें पाहण्याजोगें आहे. १०० ग्रॅम चुनखडीचें आकारमान अवघें ३७ घन सेंटीमीटर, म्हणजे दोन मोठ्या सुपाऱ्यांइतकें. तींतून सुटलेला ४४ ग्रॅम वायु नेहमींच्या हवेंत सुमारें २४ लिटर जागा व्यापतो, म्हणजे दोन घागरी भरतो. मुठींत मावणाऱ्या दगडांत इतका वायु कोंडलेला होता.

या पसाऱ्यासहि आंकडा देतां येतो. पदार्थ निरपेक्ष शून्याच्या जवळ, म्हणजे शून्याखालीं २७३ अंशांच्या जवळ, थंड करावयाचा. तेथून तो एकेक अंश तापवीत आणतांना प्रत्येक पायरीवर किती उष्णता लागली तें मोजावयाचें. आणि प्रत्येक पायरीची उष्णता त्या पायरीच्या निरपेक्ष उष्णतामानानें भागून बेरीज करावयाची. या पद्धतीचा पाया नेर्न्स्ट यानें १९०६ सालीं घातला. ती वापरून तयार झालेलीं कोष्टकें आज रसायनाच्या कोणत्याहि मोठ्या ग्रंथांत मिळतात. १०० ग्रॅम चुनखडीची एंट्रॉपी ९२.९, तींतून होणाऱ्या ५६ ग्रॅम चुन्याची ३९.७, आणि सुटणाऱ्या ४४ ग्रॅम वायूची २१३.७. हे आंकडे दर अंशास ज्यूल या मापांत आहेत, आणि अंश केल्विनचे. चुना आणि वायु मिळून २५३.४ झाले, त्यांतून चुनखडीचे ९२.९ वजा केले म्हणजे १६०.५ उरतात. दगड फुटला तर पसारा १६०.५ नें वाढतो. हाच दुसरा आंकडा. वायूचा वांटा यांत केवढा मोठा आहे, तेंहि लक्षांत यावें.

एक आंकडा दगडाच्या विरुद्ध आहे, दुसरा अनुकूल आहे. उष्णता मागतो तो खर्च, पसारा वाढतो ती जमा. परंतु ज्यूल आणि दर अंशास ज्यूल हीं दोन मापें निराळीं असल्यामुळें खर्च आणि जमा यांची एकदम तुलना करतां येत नाहीं. ती करण्याची युक्ति सृष्टीच्या एका नियमांतच आहे. तो नियम असा कीं, आपण होऊन घडणाऱ्या क्रियेंत पदार्थ आणि त्याचा भोंवताल या दोहोंचा मिळून पसारा वाढलाच पाहिजे. आतां दगडानें शोषलेली उष्णता येते कोठून ? भोंवतालांतून. भोंवतालची उष्णता कमी झाली कीं तेथील कणांची धांवपळ मंदावते आणि तेथील पसारा घटतो. किती घटतो ? गेलेल्या उष्णतेस भोंवतालच्या निरपेक्ष उष्णतामानानें भागलें असतां जें उत्तर येईल तितका.

हा भागाकार कां, हें व्यवहारांतील दाखल्यानें समजतें. गरिबाच्या घरांतून शंभर रुपये गेले तर महिन्याचा बेत बिघडतो. सावकाराच्या तिजोरींतून तेच शंभर रुपये गेले तर त्याच्या लक्षांतहि येत नाहीं. उष्णतेच्या बाबतींत थंड भोंवताल गरीब आहे आणि तप्त भोंवताल श्रीमंत आहे. उष्णता तितकीच उचलली, तरी थंड ठिकाणीं तिची उणीव मोठी भासते, तप्त ठिकाणीं थोडी. भट्टी तापविण्याचें खरें मर्म येथें आहे. आगीमुळें दगडाची मागणी फारशी कमी होत नाहीं. ती मागणी पुरविणें भोंवतालास सोपें जातें.

आतां हिशेब मांडावा. नेहमींच्या हवेचें उष्णतामान २५ अंश सेंटिग्रेड धरलें तर निरपेक्ष मापानें तें २९८ केल्विन होतें. दगडास हव्या असलेल्या १,७८,३०० ज्यूल उष्णतेस २९८ नें भागलें म्हणजे ५९८ येतात. दगड १६०.५ नें पसारा वाढविणार, आणि भोंवतालाचा ५९८ नें घटणार. असा आतबट्ट्याचा व्यवहार सृष्टि करीत नाहीं. म्हणून डोंगर डोंगरच राहतो. उष्णतामान ५०० अंश सेंटिग्रेड, म्हणजे ७७३ केल्विन केलें तर भोंवतालाची घट २३१ वर येते. अजूनहि तोटाच, पण पुष्कळ कमी. १,००० अंश सेंटिग्रेड, म्हणजे १,२७३ केल्विन केलें तर घट १४० होते. आतां मात्र १६०.५ ची वाढ १४० च्या घटीहून अधिक आहे. एकूण पसारा वाढतो आणि दगड फुटतो.

तोटा संपून नफा सुरू होतो असें एक उष्णतामान मध्यें कोठें तरी आलेंच पाहिजे. त्या ठिकाणीं भोंवतालाची घट बरोबर १६०.५ असली पाहिजे. म्हणजे १,७८,३०० यांस ज्या संख्येनें भागलें असतां १६०.५ येतील ती संख्या शोधावयाची. आणि ती मिळते १,७८,३०० यांस १६०.५ नें भागून. उत्तर १,१११ केल्विन. त्यांतून २७३ वजा केले म्हणजे ८३८ अंश सेंटिग्रेड. एन्थॅल्पींतील फरकास एंट्रॉपींतील फरकानें भागावें आणि समतोलाचें उष्णतामान मिळवावें, हा नियम तो हाच. या दोन हिशेबांची सांगड घालणारें शास्त्र अमेरिकेंतील विलार्ड गिब्ज यानें १८७६ ते १८७८ या काळांत प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत उभें केलें.

समतोल या शब्दाचा अर्थहि स्पष्ट असावा. त्या उष्णतामानावर क्रिया थांबते असें नव्हे. दगडांतून जितका वायु सुटतो तितकाच वायु तयार झालेला चुना पुन्हां शोषून घेतो. दोन्ही क्रिया एकाच वेगानें चालतात, म्हणून बाहेरून पाहणारास कांहींच घडत नाहीं असें दिसतें. त्याहून उष्णतामान वाढविलें तर पारडें चुन्याच्या बाजूस झुकतें. कमी केलें तर दगडाच्या बाजूस.

विद्यार्थ्यांकडून या गणितांत दोन चुका हमखास होतात. एन्थॅल्पी किलोज्यूलमध्यें आणि एंट्रॉपी ज्यूलमध्यें दिलेली असते. किलोज्यूलचे ज्यूल न करतां भागाकार केला तर भट्टीचें उष्णतामान एक केल्विनच्या आसपास येतें, म्हणजे जगांतील कोणत्याहि बर्फाहून ती भट्टी थंड ठरते! दुसरी चूक म्हणजे आलेलें उत्तर सेंटिग्रेडमध्यें आहे असें समजणें. तें नेहमीं केल्विनमध्यें असतें. नियमाची ओळख पटविण्यास बर्फाचें उदाहरण चांगलें. १८ ग्रॅम बर्फ वितळण्यास ६,०१० ज्यूल लागतात आणि पसारा २२ नें वाढतो. भागाकार २७३, म्हणजे शून्य अंश सेंटिग्रेड. बर्फ वितळण्याचें उष्णतामान सर्वांस माहीतच आहे. भागाकारानेंहि तेंच येतें.

आतां प्रामाणिकपणें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. प्रत्यक्ष प्रयोगांत, सुटलेल्या वायूचा दाब एक वातावरणाइतका असतांना, चुनखडीचा समतोल ८३८ अंशांवर नसून ८९५ अंशांच्या आसपास आढळतो. म्हणजे हिशेब साठएक अंशांनीं चुकला. याचें कारण असें कीं, वर घेतलेले दोन्ही आंकडे २५ अंश उष्णतामानावरचे आहेत. पदार्थ तापत जातात तसतसे हे आंकडेहि थोडेथोडे बदलतात, आणि चुनखडीच्या बाबतींत ते दोन्ही कमी होतात. तो बदल हिशेबांत घेतला कीं उत्तर प्रयोगाशीं जुळतें. तरी पण २५ अंशांवरील मोजमापांच्या आधारें आठनऊशें अंशांवरची गोष्ट इतक्या जवळ सांगतां यावी, हें कांहीं थोडें नव्हे.

दुसरी गोष्ट दाबाची. १८६७ सालीं फ्रान्समधील देब्रे यानें बंद पात्रांत चुनखडी तापवून पाहिली, तेव्हां प्रत्येक उष्णतामानास वायूचा दाब एका ठराविक मर्यादेपर्यंत वाढून स्थिर होतो असें त्यास आढळलें. वायु जितका विरळ, तितका त्याचा पसारा मोठा. वायु जितका दाबलेला, तितका पसारा लहान. म्हणून दाब बदलला कीं दुसरा आंकडा बदलतो, आणि भागाकारहि बदलतो. सुटलेल्या वायूचा दाब वातावरणाच्या चतुर्थांश इतका ठेवला तर पसाऱ्याच्या वाढींत ११.५ ची भर पडते. १६०.५ चे १७२ होतात, आणि उत्तर १,०३७ केल्विन, म्हणजे ७६४ अंश सेंटिग्रेड येतें. नुसता वायु काढून नेल्यानें समतोल ७४ अंशांनीं खालीं आला.

भट्टीला खालून वारा कां मिळावा लागतो, तोंड मोकळें कां ठेवावें लागतें, याचें एक कारण येथें सांपडतें. वाऱ्यामुळें इंधन जळतें हें तर खरेंच. परंतु तोच वारा सुटलेला वायु दगडाजवळून दूर नेतो आणि दगडाचें काम हलकें करतो. याच्या उलट प्रकार स्कॉटलंडमधील सर जेम्स हॉल यानें करून पाहिला होता. त्याचे प्रयोग १८०५ सालीं एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढें वाचले गेले. बंदुकीच्या नळींत खडूची पूड भरून, नळी घट्ट बंद करून त्यानें ती भट्टींत तापविली. वायूस निसटावयास वाट नव्हती. दाब वाढला, आणि भर आगींतहि खडूचा चुना न होतां संगमरवरासारखा घट्ट दगड झाला. पृथ्वीच्या पोटांत संगमरवर कसा होतो, याची ती पहिली ओळख होती.

भागाकारानें सांगितलेलें उष्णतामान म्हणजे केवळ दार उघडण्याची वेळ होय. दारांतून कोण किती वेगानें जाईल, हें तें सांगत नाहीं. मोठा दगड बाहेरून आंत भाजत जातो. आग लवकर आंवरली तर गाभा दगडच राहतो, आणि पाणी घातल्यावर तो भाग फुलत नाहीं. म्हणून भट्टींत समतोलाच्या वरची आग ठेवावी लागते, आणि ती पुरेसा वेळ ठेवावी लागते. परंतु अतिरेकहि घातक आहे. फार तापलेला चुना आंवळून घट्ट होतो आणि पाण्यांत फुलावयास आळस करतो. असा चुना भिंतीच्या गिलाव्यांत गेला तर महिन्यांनंतर ओल लागून आंतल्या आंत फुलतो आणि गिलाव्याचे पापुद्रे उडवतो. आगीचा रंग ओळखणारा जुना भट्टीवाला कमी आणि अधिक या दोन चुकांमधून वाट काढीत असे.

हा नियम चुन्यापुरताच नाहीं. मात्र तो वापरतांना दोन्ही आंकड्यांचीं चिन्हें पाहावीं लागतात. चुनखडीप्रमाणें उष्णता शोषून पसारा वाढविणारी क्रिया समतोलाच्या वर अनुकूल असते. उष्णता बाहेर टाकून पसारा कमी करणारी क्रिया त्याच्या खालीं अनुकूल असते. नायट्रोजन आणि हायड्रोजन यांपासून अमोनिया होणें हें दुसऱ्या प्रकारचें उदाहरण. तींत ९२.२ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते आणि पसारा १९८.७ नें घटतो. भागाकार ४६४ केल्विन, म्हणजे १९१ अंश सेंटिग्रेड. त्याखालीं अमोनिया व्हावा, पण तेथें क्रिया अत्यंत मंद चालते. म्हणून हाबर आणि बॉश यांना अधिक उष्णतामान, मोठा दाब आणि क्रियेस गति देणारे धातु यांचा आश्रय करावा लागला, आणि १९१३ सालीं जर्मनींत ओपाऊ येथें त्याचा पहिला मोठा कारखाना सुरू झाला. ज्या क्रियेंत उष्णताहि शोषली जाते आणि पसाराहि घटतो, तिचा भागाकार उणें येतो. निरपेक्ष शून्याखालीं उष्णतामान नाहीं. म्हणून अशा क्रियेस समतोलाचें उष्णतामानच नसतें. नुसती आग वाढवून ती अनुकूल होणार नाहीं, हें इंधनाची एक काडीहि न जाळतां कळतें.

भट्टीच्या मालकासहि या आंकड्यांचा अर्थ आहे. एक टन चुनखडी फोडण्यास १७,८३,००० किलोज्यूल उष्णता लागतेच. चांगला दगडी कोळसा किलोमागें २५ ते ३० हजार किलोज्यूल देतो असें धरलें तर साठ ते सत्तर किलो कोळसा केवळ या कामासाठीं जळला पाहिजे. दगड तापविण्याचा आणि भिंतींतून वायां जाणाऱ्या उष्णतेचा खर्च निराळा. वायां जाणारी उष्णता चतुराईनें वांचवितां येईल. या १७,८३,००० मधून मात्र कवडीचीहि सूट मिळणार नाहीं.

तशीच दुसरीहि एक गोष्ट टळत नाहीं. एक टन चुनखडींतून ५६० किलो चुना मिळतो आणि ४४० किलो कार्बन डायऑक्साइड हवेंत जातो. पोर्टलंड सिमेंट, ज्याचें पेटंट इंग्लंडमध्यें जोसेफ ॲस्पडिन यानें १८२४ सालीं घेतलें, त्याचाहि आरंभ चुनखडी भाजण्यानेंच होतो. सिमेंटच्या कारखान्यांतून निघणाऱ्या या वायूपैकीं निम्म्याहून अधिक वायु इंधनाचा नसून दगडाचाच असतो. आज हवेच्या दर दहा हजार भागांत या वायूचे चारांहून थोडे अधिक भाग आहेत, आणि त्यांच्या वाढीमुळें पृथ्वी तापत आहे. उद्यां सर्व भट्ट्या कोळशाऐवजीं सूर्याच्या उष्णतेवर चालविल्या, तरी दगडांतला वायु सुटणारच. कारण जो पसारा वाढतो म्हणून दगड फुटतो, तो पसारा बहुतांशीं त्या वायूचाच आहे. वायु सुटूं द्यावयाचा नसेल तर चुनाहि होणार नाहीं. त्यास भट्टीच्या तोंडाशींच धरून ठेवणें, किंवा चुन्याविना बांधण्याच्या रीती शोधणें, एवढेच मार्ग उरतात. आणि जगांतील रसायनज्ञ आज त्याच विचारांत आहेत.

या हिशेबाची परतफेडहि सृष्टि करते, पण सावकाश. भट्टींतून निघालेला चुना थंड झाला कीं तो समतोलाच्या फार खालीं येतो. तेथें पारडें दगडाच्या बाजूस आहे. पाण्यानें फुलविलेला चुना वाळूंत मळून भिंतींत घातला म्हणजे तो हवेंतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेऊं लागतो आणि वर्षानुवर्षें पुन्हां चुनखडी होत जातो. किल्ल्यांच्या तटांतील जुना चुना दगडासारखा कठीण लागतो, याचें एक मोठें कारण हेंच कीं, तो खरोखरच दगड झालेला आहे. आगीनें ८९५ अंशांच्या वर नेऊन ज्याचे बंध तोडले, तोच पदार्थ साध्या हवेंत पुन्हां आपले बंध जोडून तट सांवरून धरतो. भट्टीवाल्यानें आगीचा रंग पाहिला, गवंड्यानें भिंत उभी केली. आणि दोघांचेंहि काम ज्या नियमानें सिद्धीस गेलें, तो शाळेंतील मुलास पाटीवर एका भागाकारानें मांडतां येतो.